बहात्तर तास आणि शहात्तर वर्षं

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं लक्ष गेलं ते त्यातल्या वेळांकडे. सकाळी अकरा. दुपारी साडेचार. रात्री दहा. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा ते दुपारी तीन. तिसऱ्या दिवशी पावणेपाच. शौर्याच्या मानपत्रात विशेषणं असायचीच, इथंही आहेत. पण मी रस्त्यांच्या कामावर आयुष्य काढलेली स्थापत्य अभियंता आहे, आणि साइटची रोजनिशी कशी लिहितात हे मला चांगलं ठाऊक आहे. काम किती वाजता सुरू झालं, कुठल्या मैलावर काय अडलं, किती वाजता मोकळं झालं, एवढंच तिच्यात असतं. राणे यांचं मानपत्र मला तसंच वाचता आलं. त्यात कामाची जागासुद्धा रस्त्याच्या माणसांच्या भाषेत दिली आहे: नौशेरा–राजौरी रस्ता, मैल २६.

तो रस्ता का हवा होता, ते आधी सांगते. काश्मीरमधलं भारत-पाकिस्तानचं पहिलं युद्ध चालू होतं. डिसेंबर १९४७ मध्ये नौशेराजवळचं झांगर हातचं गेलं होतं. १८ मार्च १९४८ ला ते परत मिळालं. त्यानंतर नौशेराहून उत्तरेला राजौरीकडे सरकायचं ठरलं. राजौरीत आणि वाटेतल्या गावांत लोक अडकलेले होते, त्यामुळे एकेका दिवसाला किंमत होती. प्रदेश सगळा डोंगरांचा, आणि डोंगराच्या कडेनं जाणारा रस्ता एकच. शत्रूनं त्या रस्त्यावर सुरुंग पेरले होते, रस्त्याखालच्या मोऱ्या उडवल्या होत्या तिथं खड्डेच उरले होते, पाइनची झाडं आडवी पाडली होती. पायदळ डोंगर चढून जाईल, पण रणगाडे जाणार नाहीत. आणि रणगाड्यांमागून येणारे धान्याचे, दारूगोळ्याचे, औषधांचे ट्रक तर नाहीच नाही.

८ एप्रिलला ४ डोग्रा पलटण बारवालीच्या धारेवर चालून गेली. तिच्याबरोबर लष्करी अभियंत्यांच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी होती, प्रमुख राणे. वय २९. अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते. अकरा वाजता ही माणसं रणगाड्यांजवळ काम सुरू व्हायची वाट पाहत उभी असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते.

म्हणजे कामाला हात लागायच्या आधीच तुकडीतली दोन माणसं गेलेली आणि प्रमुख जखमी. पुढचे बहात्तर तास या माणसानं जे केलं ते अशा अवस्थेत केलं. साडेचारच्या सुमारास बारवालीची धार हाती आली. आजूबाजूला शत्रू अजून होता, तरी राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात. सकाळी सहाला पुन्हा तिथंच. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला आणि रणगाडे हलले.

सपाट जमिनीवर, दिवसाउजेडी, पुरेशी माणसं हाताशी असताना असा वळणरस्ता काढणंही सोपं नसतं. उतार किती ठेवायचा, रणगाड्याच्या वजनाखाली कड ढासळणार नाही ना, दरीच्या बाजूला दगड कुठं रचायचे, डोंगराच्या बाजूला किती खोदायचं, हे सगळं आधी मनात जुळावं लागतं. इथं हे अंधारात चाललं होतं, तेही कुठल्याही दगडाखाली सुरुंग असू शकतो अशा जमिनीवर. मशीनगनखाली उभं राहण्याचं धाडस सगळ्यांना कळतं आणि ते थोर आहेच. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट आहे: तशा जागी उभं राहून उताराचा विचार करणं, आणि तो बरोबर करणं. त्या वळणावरून रणगाडे खरोखर गेले, कोसळले नाहीत. मला त्याचं मोल फार वाटतं.

तीननंतर राणे सगळ्यात पुढच्या गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर पाइनच्या झाडांचा अडथळा. उतरले, स्फोटकं लावून झाडं उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजता एक उडवलेली मोरी. काम सुरू व्हायच्या आधीच मशीनगन सुरू झाली. तरी वळण काढलं, गाड्या पुढे काढल्या. सव्वासहाला उजेड विझत आला आणि समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून गोळीबार. राणे यांनी सुरुंग काढायला सुरुवात केलीसुद्धा. रणगाड्यांच्या तुकडीच्या प्रमुखानं परिस्थिती ओळखून तांडा रात्रीपुरता मागं सुरक्षित जागी घेतला.

तिसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, पहाटे पावणेपाचला काम सुरू. साडेसहाला तो अडथळा मोकळा. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे आणि उडवलेल्या भिंती. ते साडेदहापर्यंत.

आणि आता मानपत्रातली ती ओळ येते, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. साडेदहानंतर रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि पात्रातूनच पुढे निघाले. दोनला ते चिंगसला पोचले. जुन्या मुघल वाटेवरची सराई जिथं आहे तेच हे चिंगस. लढाईच्या हिशेबानं त्या दिवसाचं मोठं काम झालं होतं. रणगाड्यांना आता राणे यांच्या रस्त्याची गरज उरली नव्हती. राणे मात्र मागंच राहिले आणि रस्ता साफ करत राहिले, कारण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहाला. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतर पुढच्या रस्त्यावर काम, रात्री दहापर्यंत. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

राणे यांच्याबद्दल एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते: ते रणगाड्याखाली सरपटत गेले, दोन दोर हातात धरून चालकाला थांबायच्या आणि पुढे जायच्या खुणा करत राहिले. अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. मानपत्रात ती नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ती नसली तरी चालेल. रणगाडे निघून गेल्यावर रसदीच्या ट्रकसाठी थांबलेला जखमी माणूस मला पुरतो. मला अभियंता म्हणायचा आहे तो हाच. रस्ता पहिली गाडी गेली म्हणून पुरा होत नाही. शेवटची गाडी जायची असते, आणि तिच्यात पीठ असतं, बँडेज असतं, परतीच्या वाटेवर जखमी असतात. हे ज्याला कळतं तो रात्री नऊपर्यंत थांबतो.

माझे बाबा बॉम्बे सॅपर्समध्ये होते, खडकीचे. ट्रेड सुतार. सॅपर म्हणजे शिपाई आणि कारागीर दोन्ही, त्यामुळे प्रत्येकाला बंदुकीशिवाय एक धंदा यावाच लागतो: कुणी गवंडी, कुणी लोहार, कुणी सुतार. लष्करातून आलेल्या माणसाकडे लोक बंदुकीच्या गोष्टी मागतात. बाबा दोराच्या गाठींबद्दल बोलायचे, ओल्या लाकडाबद्दल, पूल बांधताना नदीच्या आवाजावरून खोली कळते का याबद्दल. सुरुंग कसा शोधतात हे मी लहानपणी त्यांच्याकडूनच ऐकलं. संगीन सरळ खाली खुपसायची नाही. तिरकी धरायची, अलगद सरकवायची, म्हणजे ती सुरुंगाच्या कडेला लागते, माथ्यावर दाब पडत नाही. काही टणक लागलं की थांबायचं. मग बोटांनी माती बाजूला करायची, चहूबाजूंनी. सापडलेला सुरुंग लगेच उचलायचा नाही, कारण खाली दुसरा सापळा असू शकतो. रणगाड्यासाठी पेरलेल्या सुरुंगावर माणसाचं वजन पडलं तरी सहसा तो फुटत नाही. पण त्याच्या भोवती माणसांसाठीचे छोटे सुरुंग पेरतात, त्यांना एक पाऊल पुरतं.

‘बाबा, भीती नाही वाटायची?’ मी विचारलं होतं.

‘वाटायची की गं. म्हणून तर हळू करायचं.’

खडकी हे सॅपर्सचं घर एकोणिसाव्या शतकापासूनचं. तिथून गेलेल्या माणसांनी जगभर हे हळू करायचं काम केलं. प्रेमिंद्रसिंग भगत यांचं नाव बाबा घ्यायचे तेव्हा आवाज बदलायचा. १९४१ च्या सुरुवातीला अॅबिसिनियात (आजच्या इथिओपियात) इटालियन फौज मागं हटत होती आणि जाताना रस्त्यात सुरुंग पेरत होती. तरुण भगत यांनी सलग चार दिवस, ९६ तास, ५५ मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ केली. त्यांची गाडी स्फोटात सापडली, तरी काम सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. त्यानंतर सातच वर्षांनी त्याच खडकीच्या सॅपर्समधला एक माणूस नौशेराच्या रस्त्यावर तेच काम करत होता. योगायोग म्हणायला मी तयार नाही. शिकवलेलं काम होतं, हातात बसलेलं.

राणे यांच्या हातात ते कसं बसलं? जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावच्या मराठा घराण्यातला. वडील पोलीस शिपाई, सारख्या बदल्या, त्यामुळे शाळा धड नाही. १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीनं बारा वर्षांच्या मुलाला ओढून घेतलं. पोलिसाच्या घरात ही काळजीचीच गोष्ट. वडिलांनी बिऱ्हाड गावी हलवलं. मला त्या बापाचा राग येत नाही. सरकारी नोकरी, घरात खाणारी तोंडं, आणि मुलगा सरकारविरुद्ध घोषणा देतोय; त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. दहा वर्षांनी, १० जुलै १९४० ला, तोच मुलगा बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे खडकीच्या सॅपर्समध्येच, भरती झाला. प्रशिक्षणात सर्वोत्तम रिक्रूट ठरला, लवकरच नाईक झाला.

मग ब्रह्मदेश, २८ फील्ड कंपनी. आराकानच्या पहिल्या मोहिमेनंतर सैन्य मागं येत असताना बुथिदाँगला काही महत्त्वाच्या गोष्टी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून उडवायच्या होत्या. त्यासाठी मागं ठेवले गेले राणे आणि दोन तुकड्या. काम झालं. न्यायला येणारं जहाज आलं नाही. समोर नदी, तिच्यावर जपानी गस्त. राणे यांनी माणसांना घेऊन ती नदी पार केली आणि सगळे आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. ते हवालदार झाले. सेकंड लेफ्टनंटचा तारा खांद्यावर आला तो १५ डिसेंबर १९४७ ला, शिपायापासून सुरुवात करून साडेसात वर्षांनी. नौशेराच्या रस्त्यावर उभा असलेला तो ‘नवा’ अधिकारी सैन्याला नवा नव्हता. पदवी नसलेला अभियंता होता. बांधायला शिकला, उडवायला शिकला, आणि उडवल्यावर माणसं घरी कशी आणायची तेही शिकला.

परमवीर चक्राची घोषणा २१ जून १९५० ला झाली. ते पदक रेखाटलं सावित्रीबाई खानोलकर यांनी. युरोपात जन्मलेली ही बाई मराठी घरात सून म्हणून आली आणि इथलीच झाली. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. १९४७–४८ च्या युद्धातल्या पाचांपैकी सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पीरू सिंग लढतानाच गेले. जिवंत राहिले दोघे, करम सिंग आणि राणे.

जिवंत राहणं या गोष्टीवर आपण पुरेसं थांबत नाही. गेलेल्यांच्या कथेला शेवट असतो आणि आपल्याला तो पाठ असतो. राणे यांच्या कथेत ११ एप्रिल १९४८ नंतर ४६ वर्षं आहेत. तेवढ्या काळात माणूस १९५५ साली लग्न करतो, संसार थाटतो, बदल्यांची गावं बदलतो, मुलंबाळं वाढवतो, १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त होतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत लष्करी अहवालांत पाच वेळा गौरवानं नाव येतं. निवृत्तीनंतरही सैन्याच्या कामावर परत घेतात, तो एप्रिल १९७१ पर्यंत तेही करतो. पाठ्यपुस्तकात मात्र तीन दिवस.

बाबा असेच घरी आले होते आणि पुढं खूप वर्षं घरीच होते. सॅपरचं लेकरू असणं काय असतं ते मला म्हणून ठाऊक आहे. नवीन घरात पाऊल ठेवलं की बाबा आधी दारं-खिडक्या पाहत, जिन्याच्या पायऱ्या मोजत, पाणी कुठून येतं ते विचारत. आईचं सामान लागायच्या आधी त्यांचे खिळे लागलेले असत. मी अभियांत्रिकीला गेले तेव्हा त्यांनी मला ओळंबा दिला, नवा नाही, त्यांचा वापरलेला. मुलगी साइटवर उन्हात उभी राहणार याची आईला काळजी होती. बाबा एवढंच म्हणाले, मजुरांच्या आधी पोच आणि त्यांच्या नंतर नीघ. युद्धाबद्दल ते कधी फार बोलले नाहीत. पण ते गेल्यावर सोसायटीतल्या किती घरांतून माणसं येऊन सांगून गेली, हे कपाट त्यांनी लावून दिलं, ही फाटकाची कडी त्यांची. ते सगळं मी त्यांच्या नोकरीतच मोजते. माझ्या मनात त्यात खंड नाही.

दीर्घ आयुष्य हे नेहमी बक्षीस असतंच असंही नाही. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सॅपर्स रात्रभर सुरुंगांतून वाट काढत होते. वाट पुरी व्हायच्या आधीच पलीकडे मदत हवी होती, म्हणून १७ पूना हॉर्सचे रणगाडे अर्ध्या साफ केलेल्या क्षेत्रातून गेले. १६ डिसेंबरला त्या पलटणीचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढता लढता गेला. वय २१, जन्म पुण्याचा. त्याचे वडील मदनलाल खेत्रपाल सैन्यातले अभियंतेच होते, कोअर ऑफ इंजिनिअर्सचे, पुढे ब्रिगेडिअर. मुलगा गेल्यानंतरही ते खूप जगले. २००१ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, सरगोध्याला आपलं जन्मगाव पाहायला गेले. तिथं ज्या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडिअरनं त्यांचा पाहुणचार केला, त्यानंच शेवटी सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. खेत्रपाल यांनी ते ऐकून घेतलं आणि माणसासारखे त्याला भेटून परतले. युद्ध पाहिलेला अभियंता, बाप, आणि तीस वर्षं त्या दिवसाबरोबर जगलेला. या तीस वर्षांना पदक नाही. मला त्या तीस वर्षांपुढे नमस्कार करावासा वाटतो.

राणे यांच्या वाट्याला एक वेगळं सुख आलं. शिपिंग कॉर्पोरेशननं आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली, आणि १९८४ साली ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे’ हे जहाज पाण्यावर आलं. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते, हयात होते. समुद्राकाठच्या गावचा, ब्रह्मदेशात एका न आलेल्या जहाजाची वाट पाहिलेला माणूस, आणि आता त्याच्याच नावाचं जहाज समुद्रात. ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते गेले. २००६ मध्ये कारवारच्या किनाऱ्यावर, आयएनएस चपळ या युद्धनौका-संग्रहालयाजवळ, त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ च्या जानेवारीत अंदमान-निकोबारमधल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. सगळं योग्यच आहे. तरी मला त्या दोघांचीही आठवण राहते, जे ८ एप्रिलच्या सकाळी अकरा वाजता काम सुरू व्हायच्या आधी गेले. मानपत्रात त्यांचा उल्लेख ‘दोन माणसं’ एवढाच आहे.

राणे पुण्यात वारले त्या काळात मीही पुण्यातच होते, आणि त्यांना भेटायचं सुचायला हवं होतं असं आता फार वाटतं. शौर्याबद्दल मी काही विचारलं नसतं. मी विचारलं असतं की ९ तारखेला पाच वाजता, त्या उडवलेल्या मोरीपाशी, वळण डोंगराच्या बाजूनं काढलंत की खालून ओढ्यातून? भरावाला काय वापरलं, तोडलेल्या पाइनचे ओंडके कामी आले का? फावडी किती होती? पावणेपाचला अंधारात कामाला लागलात तेव्हा माणसांना उठवावं लागलं की ती आधीच उठून बसली होती? आणि लग्नानंतर घरी यातलं काय काय सांगितलंत, कुणाला, कधी?